स्थळ : जर्मनीत स्थायिक

लग्नाच्या बाजारात पासपोर्टला भाव असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ‘मुलगा अमेरिकेत आहे’ या एका वाक्यावर आपल्याकडे कितीतरी पत्रिका झटकन जुळल्यात. पण हाच भाव एखाद्या मुलीच्या डोक्यावर घराण्याच्या कर्जासारखा बसला तर काय होतं, ते मला श्टुटगार्टला आल्यावर कळलं.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. नाव छापू नकोस असं तिनंच सांगितलंय, म्हणून नुसतं ‘ती’. वय बत्तीस, जन्म इथलाच, जर्मन एकदम फर्डं. तरी आडनाव ऐकलं की लोक विचारतात, ‘मूळची कुठली?’ मूळ तुर्कस्तानातलं, योझगातकडचं एक खेडं.

आमची गट्टी जमली ती नात्यांवरून. जर्मनमध्ये काका-मामा सगळे सरसकट ‘ओंकेल’. तुर्कीत मात्र काका म्हणजे ‘अम्जा’, मामा म्हणजे ‘दायी’, आत्या ‘हाला’ आणि मावशी ‘तेय्झे’. वडिलांना तर तीही ‘बाबा’च म्हणते! कँटीनमध्ये हे ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मग तिनं आणखी एक वाक्य शिकवलं: ‘एल आलेम ने देर?’ म्हणजे, लोक काय म्हणतील? त्यातला ‘आलेम’ हा आपल्या ‘आलम दुनिये’तलाच. म्हटलं, हे वाक्य शिकवायची गरज नव्हती गं!

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तिची गोष्ट कळणार नाही. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. कारखान्यांना माणसं हवी होती. इस्तंबूलमध्ये डॉक्टरी तपासणी, मग रेल्वेनं थेट म्युनिक. या लोकांना नाव दिलं ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हणजे परत जाणारा, असा सरळ हिशोब! तिचे आजोबा असेच आले आणि राहिले. नोव्हेंबर 1973 मध्ये भरती बंद झाली. कामासाठी येण्याचा रस्ता संपला, पण इथल्या माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला येता यायचं. म्हणजे गावाकडच्यांसाठी लग्न हाच जर्मनीचा दरवाजा झाला, आणि इथं वाढलेली लग्नाची मुलगी ही त्याची किल्ली.

ती चोवीस वर्षांची असताना तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा कोण? सख्ख्या काकांचा मुलगा. चुलतभाऊ! तुमच्या भुवया वर गेल्या ना? माझ्याही गेल्या. ती हसली आणि म्हणाली, ‘तुमच्याकडे मामाची मुलगी चालते म्हणालीस ना? आमच्याकडे काकाचा मुलगा चालतो.’ मी गप्प.

पण खरी गोम नात्यात नव्हती, हिशोबात होती. आजोबा आणि बाबा जर्मनीला आले, तेव्हा काका गावी राहिले. शेती त्यांनी केली, पणजोबा-पणजीचं म्हातारपण त्यांनी काढलं. ‘तो मागं राहिला म्हणून आपण इथं आहोत,’ हे वाक्य तिनं लहानपणापासून ऐकलेलं. आता काकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. या मुलाला नकार देणं म्हणजे एका अख्ख्या घराला जर्मनी नाकारणं.

बाबांनी आवाज चढवला नाही, कोंडून ठेवलं नाही. ‘विचार कर’ एवढंच म्हणाले. बाकीचं काम इतरांनी केलं. गावाहून आत्यांचे फोन, आईचे सुस्कारे, चहाला जमणाऱ्या गाववाल्यांचे ‘मग, कधी उडवायचा बार?’ तुमच्या-माझ्या घरी होतं तसंच, फक्त इथं चहाच्या ग्लासाबरोबर कुणाचा तरी व्हिसाही टेबलावर ठेवलेला असतो.

शिवाय तिच्यासमोर मोठ्या बहिणीचं उदाहरण होतं. बहिणीनं गावाकडचाच मुलगा केला होता. अशा जावयाला तुर्कीत चक्क ‘इंपोर्टेड जावई’ म्हणतात, ‘इथाल दामात’. तिकडे शाळेत मास्तर असलेला हा माणूस इथं गोदामात खोकी उचलायला लागला. विजेच्या बिलाचं पत्र आलं तरी वाचायला बायको हवी. पगार तिचा जास्त, भाषा तिची, मित्रमंडळीही तिचीच. आपल्याकडच्या घरजावयाचं दुःख विसरा! आणि तरीही संसार छान चाललाय, हेही तिनं आवर्जून सांगितलं.

बाहेरच्या जगाची गंमत वेगळीच. 2005 साली बर्लिनमध्ये हातून स्युर्युज्यू या तेवीस वर्षांच्या तरुणीला तिच्याच भावानं गोळ्या घातल्या. सोळाव्या वर्षी चुलत नात्यात लावलेलं लग्न मोडून ती स्वतंत्र राहत होती. जर्मनी हादरली. 2007 मध्ये नियम आला: परदेशातून येणारा जोडीदार अठरा वर्षांचा हवा आणि त्यानं येण्याआधी प्राथमिक जर्मनची परीक्षा दिलेली हवी. हेतू सांगितला, जबरदस्तीची लग्नं रोखण्याचा. 2011 पासून अशी जबरदस्ती हा स्वतंत्र गुन्हा आहे. हे सगळं हवंच होतं. पण ब्लू कार्डवर आलेल्या आमच्यासारख्या इंजिनीअरांच्या जोडीदारांना त्या परीक्षेतून सूट! ‘म्हणजे तुमची लग्नं आपोआप स्वखुशीची असतात?’ असं तिनं विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

तिला राग येतो तो जर्मन सहकाऱ्यांच्या दयेचा. लग्नाचा विषय निघाला की ते आवाज खाली आणून विचारतात, ‘घरून काही त्रास नाही ना?’ खरं सांगावं तर बाबा खलनायक ठरतात. म्हणून ती काहीच सांगत नाही. घरी बोलायची चोरी, ऑफिसातही चोरी. ‘बाबा दुष्ट असते ना, तर सोपं होतं,’ ती म्हणाली. ‘घर सोडून निघून गेले असते. ते चांगले आहेत, म्हणून नाही म्हणायला मला सात महिने लागले.’

ती नाही म्हणाली. त्याची किंमत बाबांनी भरली. दर उन्हाळ्यात गावी जाणारा हा माणूस पुढचे चार उन्हाळे गेलाच नाही. श्टुटगार्टच्या बाल्कनीत टोमॅटो लावत बसला. काकांचं ऑपरेशन निघालं तेव्हा कुठे गेले. तोवर त्या मुलाचं तिकडेच लग्न होऊन गेलेलं, कायसेरीत त्याचं दुकानही बरं चाललेलं. दोघा भावांमध्ये त्या विषयावर एक शब्द झाला नाही. परतताना काकांनी तिच्यासाठी घरच्या जर्दाळूंची पिशवी दिली. ती तिनं महिनाभर उघडली नाही.

हे सगळं मला आठवायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात आईनं माझा बायोडाटा व्हॉट्सॲपवर पाठवला. उंची, गोत्र, पगार, आणि मग ठळक अक्षरांत, ‘जर्मनीत स्थायिक’. चार दिवसांत अकरा स्थळं आली. त्यातल्या एका मुलाचा पहिलाच प्रश्न होता, ‘डिपेंडंट व्हिसाला साधारण किती दिवस लागतात?’ मुलगा वाईट नसेल. कदाचित त्याच्यामागेही कुणी काका, कुणी कर्ज, कुणी ‘लोक’ असतील. पण मला त्या यादीत फक्त किल्ली म्हणून उभं राहायचं नाही.

मी आईला फोन केला. म्हटलं, ‘ती स्थायिकवाली ओळ काढून टाक ना.’

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अगं, मग तिथं लिहू काय?’

अजून ठरतंय. सध्या आम्ही दोघी मिळून ती ओळ लिहितोय.