एकवीस गिअर आणि दोन भोकं

सायकलच्या ऑनलाइन जाहिरातीत सगळ्यात ठळक आकडा गिअरचा असतो. २१ गिअर, २४ गिअर. पुढची ३ चेनव्हीलं गुणिले मागच्या ७ चकत्या, एवढंच ते गणित. आणि त्यातले बरेच गिअर जवळपास एकमेकांइतकंच अंतर कापतात. घाटात कामाला येतो तो सगळ्यात हलका गिअर, आणि तो किती हलका आहे हे जाहिरातीत शोधून काढावं लागतं.

माझ्या भाचीने पहिली टूरिंग सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा ती नुकतीच कराडच्या एका पतसंस्थेत नोकरीला लागली होती. सगळं धरून १८,००० रुपये, त्यावर एक पैसा नाही, असं तिने आधीच जाहीर केलं. बेत मात्र भारी होता. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर. तवसाळहून फेरीबोटीने जयगड. पुढे समुद्राच्या कडेने रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. आणि परतताना फोंडा घाट चढून देशावर.

कोकणचा किनारी रस्ता नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी उतरतो, जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुन्हा पुढच्या खाडीपाशी उतरतो. दिवसभर हेच. त्यामुळे भाचीने ब्रँड बघण्याआधी दात्यांचा हिशेब मांडला. पुढे २८ दाते आणि मागे २८ असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल २ मीटरांहून थोडी जास्त पुढे जाते. मागे ३४ दाते असतील तर पावणेदोन मीटरच जाते, म्हणजे चढावर पायांवरचा भार तेवढा हलका. दूधवाल्याच्या साध्या काळ्या सायकलवर हेच अंतर साधारण ५ मीटर असतं. तिने जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरात दडलेले आकडे वहीत उतरवले आणि मागचं फ्रीव्हील २८ दात्यांचंच असलेल्या सायकली एकेक करून खोडल्या.

खास टूरिंगसाठी बनवलेल्या सायकली जगात आहेतच. सर्ली कंपनीची डिस्क ट्रकर हे त्यातलं ठळक नाव: क्रोमोलीची पोलादी फ्रेम, लांब मागचा भाग, बॅगा लावायला जागोजागी सोय. भारतात तिची किंमत लाखाच्या पुढे जाते. तसली सायकल नसेल तर लांब जाऊच नये, असं सांगणारे भेटतात. त्यांना मी मुंबईच्या पारशी तरुणांची आठवण करून देतो. १९२३ साली सहा जण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. इराण, इराककडचे वाळवंटी रस्ते तुडवत ते युरोपात गेले. त्यातल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. भाचीला तर मालवणापर्यंतच जायचं होतं.

तिच्या पैशांत बसत होत्या त्या हायब्रिड सायकली: सरळ हँडल, ७०० बाय ३५ चे टायर, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम. या गटात जाहिरातदारांचे दोन लाडके शब्द म्हणजे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक. या किमतीतलं पुढचं सस्पेन्शन वजन वाढवतं आणि चढावर उभं राहून रेटताना खाली-वर होत ताकद खातं. डिस्क ब्रेकचं म्हणाल तर त्याचा कॅलिपर बऱ्याचदा नेमका कॅरिअरच्या पायाच्या आड येतो. रबराचे व्ही-ब्रेक मात्र पावसात जरा कमी धरले तरी त्यांची पॅडं कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात. भाचीने दोन्ही लाडक्या शब्दांवर काट मारली.

एका साइटवर सायकल पसंत पडली. तरी ती अडली.

“मामा, हिला कॅरिअर बसतो का, हे कुठेच लिहिलेलं नाही.”

मागच्या चाकाच्या आसाजवळ, फ्रेमच्या टोकाला, स्क्रूसाठी आटे पाडलेली दोन भोकं असतात, दोन्ही बाजूंना एकेक. ती असतील तर कॅरिअरचे पाय थेट फ्रेमवर घट्ट बसतात आणि बॅगांचं वजन आसापाशी उतरतं. ती नसतील तर पट्ट्या आणि क्लिपा लावून जुगाड करावा लागतो, आणि तो खड्ड्यात ढिला होतो. जाहिरातीतल्या फोटोंत सायकल नेहमी एकाच बाजूने, चकचकीत, डोंगराच्या पार्श्वभूमीवर. भोकं दिसणार कुठून? तिने विक्रेत्याला विचारलं. “ऑल ॲक्सेसरीज सपोर्टेड मॅडम,” असं उत्तर आलं. तिने फोटोचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी गोदामातल्या सायकलचा मागच्या बाजूचा फोटो पाठवला. भोकं होती.

फ्रेमचं माप तिने घरीच काढलं. भिंतीला पाठ लावून, पुस्तकाचा कणा दोन्ही पायांच्या मध्ये वर सारून, पेन्सिलीने खूण करायची. जमिनीपासून खुणेपर्यंतच्या उंचीला साधारण ०.६६ ने गुणायचं. ७४ सेंटिमीटरवरून उत्तर ४९च्या आसपास आलं. विक्रेत्याकडचं ‘मीडियम’ तिला मोठं पडलं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, किंमत खाली यायला त्याचाही थोडा हातभार लागला. सायकल १३,४९९ रुपयांना पडली.

खोका आला तो एका कोपऱ्यात दबलेला. उघडताना व्हिडिओ काढून ठेवला, कारण तक्रार करायची वेळ आली तर पहिली मागणी त्याचीच होते. ‘८५ टक्के जोडलेली’ म्हणजे पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडलं आपण बसवायची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते माहीत नसलेला माणूस जोर लावून क्रँकचे आटेच मारून टाकतो. भाचीने पायडलांवरची एल आणि आर अक्षरं बघून हातानेच आटे धरवले. मग सायकल ढकलत बसस्टँडमागच्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि ब्रेकच्या पॅडाजवळ अंगठ्याचं नख धरलं. एका जागी नख रिमला घासलं, पुढे सुटलं, पुन्हा घासलं.

“ताई, नव्या गाडीचं चाक आऊट हाय. तारा बी ढिल्या हायत. बॅगा टाकल्या की पटापटा तुटत्याल.”

त्याने तारा एकेक करून दाबून बघितल्या, निपलं आवळली, आऊट काढला. दोन्ही चाकांचे कोन उघडले तर आत ग्रीस नावालाच. छर्रे पुसून नवं ग्रीस भरलं. दबलेल्या कोपऱ्यामुळे मागच्या डिरेलरची पट्टी किंचित वाकली होती, तीही सरळ केली. सगळ्याचे ४०० रुपये. माझ्या मते तिच्या १८ हजारांतले सगळ्यात सार्थकी लागलेले रुपये हेच.

कॅरिअर, हेल्मेट, दिवे, पंप, जादा ट्यूब मिळून ३,८०० रुपये गेले. पॅनियर बॅगा परवडेनात. उरलेल्या ३०१ रुपयांत तिने ताडपत्री शिवणाऱ्याकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या, आणि त्या कॅरिअरवर जरा मागे सरकवून बांधल्या. टाच बॅगेला लागली तर प्रत्येक फेरीत लागते.

खरी काळजी टायरची होती. गावाकडच्या दुकानात २८ इंची टायर हमखास असतो, आणि ७०० च्या टायरलाही कुठे कुठे २८ इंचीच म्हणतात. पण काळ्या सायकलच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर आणि भाचीच्या सायकलचं ६२२. तेवढ्या १३ मिलिमीटरमुळे तो टायर हिला बसत नाही. ट्यूब मात्र ताणली जाते आणि अडीअडचणीला चालते. टायरच्या बाजूवर खरा आकडा कोरलेला असतो, ३७-६२२ वगैरे. भाचीने तो पाठ केला.

दौरा झाला. देवगडच्या अलीकडे मागच्या चाकाची उजवीकडची एक तार तुटली. सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो, आणि ती बदलायला फ्रीव्हील काढायचा खास पाना लागतो. तिने ब्रेक मोकळा करून, बेताने चालवत देवगड गाठलं आणि तिथल्या मिस्त्रीने काम केलं. फोंडा घाटात ती सगळ्यात हलक्या गिअरवर राहिली आणि दोनदा उतरून चाललीही. सायकलने कुरकुर केली नाही.

१८ हजारांत टूरिंग सायकल होते. फक्त पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या आसाजवळचा फोटो मागवा आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते लेखी विचारा. उत्तर टाळत असेल तर दुसरा विक्रेता बघा. आणि मिस्त्रीचे ४०० रुपये आधीच बाजूला काढून ठेवा.