कलकत्त्याला निघताना

अकोल्याच्या डाळीला कलकत्त्याचं पोतं लागायचं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्यांनी डाळ मिला काबीज केल्या, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. तूर वऱ्हाडातली, मिल एमआयडीसीतली, हमाल आसपासच्या खेड्यांतले, पण बारदाना हुगळीच्या काठचा. 1855 साली रिश्र्याला तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे देशभरच्या धान्याची पोती बहुतेक तिकडेच विणली गेली. आमच्याकडे तो माल दलालामार्फत येई. 1985च्या दिवाळीनंतर शेठजींच्या मनात आलं, की तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आत आपलाच माणूस बडा बाजारात पाठवावा आणि सौदा समोरासमोर करावा. माणूस म्हणजे मी. मिलमध्ये हिशेब लिहायचो. कामासाठी गाव सोडायची पहिलीच वेळ, आणि जायचं ते एकदम कलकत्त्याला.

गेल्या डिसेंबरात माझी पुतणी निघाली. धाकट्या भावाची मुलगी, मला मोठेबाबा म्हणते. नागपूरला एका सीएच्या फर्ममध्ये नुकतीच लागली आहे. तिचं पहिलं बाहेरगावचं काम कोलकात्यातच निघालं, आणि तेही तागाच्या एका गिरणीतला शिल्लक माल मोजायचं. कथेत घातला असता तर संपादकाने खोडून टाकला असता, इतका सोयीचा योगायोग.

माझ्या तयारीची सुरुवात कागदांपासून झाली होती. शेठजींनी बडा बाजारातल्या त्यांच्या नातलगाच्या गद्दीवर चिठ्ठी लिहिली. मी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाला जोडकार्ड टाकलं. एक कार्ड आपलं आणि त्याला जोडलेलं दुसरं कोरं, उत्तरासाठी. पण उत्तर यायच्या आतच शेठजींनी निकाल देऊन टाकला: झोपायचं गद्दीवर आणि जेवायचं बासात. बासा म्हणजे तिथली मारवाडी खाणावळ. आपला माणूस अनोळखी ठिकाणी उतरला तर सौद्यात कच्चा पडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात काटकसर किती आणि शहाणपण किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

गाडी ठरली नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल. वेळा बघायला शेठजींच्या कपाटातला जाडजूड ब्रॅडशॉ निघाला, जो छापला जायचा कलकत्त्यातच. अकोल्याहून हावडा जवळजवळ चौदाशे किलोमीटर. रेल्वेचं संगणकावरचं आरक्षण दिल्लीत त्याच सुमारास सुरू होत होतं. आमच्या स्टेशनावर जाड पुठ्ठ्याचं तिकीट यंत्रात खट् करून तारखेचा शिक्का घेऊन बाहेर येई, आणि बर्थ मिळाला की नाही ते डब्यावर चिकटवलेला तक्ता वाचेपर्यंत कळत नसे. तिकीट मिळालं की माणूस निम्मा पोहोचला असं आमचे वडील म्हणत. उरलेला निम्मा आईच्या ताब्यात होता.

तेव्हा शंभराच्या वर नोट नव्हती; पाचशेची आली ती 1987 साली. त्यामुळे खर्चाची रक्कम फार नसली तरी तिचा पुडका होई. मोठा पैसा ड्राफ्टने गेला, आणि वरखर्चाच्या नोटांसाठी आईने बंडीला आतून चोरखिसा शिवला. तोंडाला दोन बटणं, वर सेफ्टी पिन. नोट काढायची तर शर्टाची तीन बटणं सोडायला लागत, म्हणजे चोराआधी माझीच पंचाईत. शिवाय दुधात भिजवलेल्या दशम्या, जवसाची चटणी, फिरकीचा तांब्या, गादी गुंडाळलेला होल्डॉल, साखळी-कुलूप, आणि कलकत्त्यात रोज लाईट जाते असं ऐकलेलं म्हणून बॅटरी. ती मात्र खरंच कामाला आली. लोकरीची माकडटोपी मी संकोचाने तळाला दडवली होती. तिथे पोहोचल्यावर पाहतो तर अंगावर सदरा आणि धोतर एवढंच घातलेली माणसंसुद्धा डोक्याला माकडटोपी बांधून फिरत होती.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी मामा वरेरकरांनी मराठीत आणलेला शरच्चंद्र सगळा वाचलेला. त्या बळावर ते कलकत्त्याचे जाणकार. मेसमध्ये कोणाशी मैत्री करावी, आजारी पडल्यास काय होतं, बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं तर आपण काय करावं, असं सगळं त्यांनी मला समजावलं. दर शंभराला पोत्याचा भाव काय, याबद्दल शरच्चंद्र काही बोललेला नसल्यामुळे तो विषय निघाला नाही.

खरी तयारी करून घेतली ती हमालांच्या मुकादमाने. शेठजींनीच त्याला सांगितलं होतं, की याला पोतं शिकव. गोदामाच्या दारात, उजेडात, त्याने एक पोतं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, ‘काय दिसते?’ मी म्हटलं, चांगलं दिसतंय. तो हसला. ‘पोतं डोयानं नाई, हातानं पायतात बाबू.’

मग त्याने ते उलटं केलं. बाजूच्या शिवणीत दोन्ही अंगठे घालून खसकन ओढलं; टाके पसरले, पण दोरा तुटला नाही. पोतं सूर्याकडे धरून विणीतून येणारा उजेड दाखवला. सगळीकडून सारखा आला तर ठीक, एखाद्या पट्ट्यात जास्त आला तर त्या ठिकाणी धागे कमी. मग तुरीची चुरी आत ओतली, तोंड मुठीत धरलं आणि पोतं जमिनीवर तीनदा आपटलं. खाली जी बारीक कणी पडली ती हाताने गोळा करून माझ्या तळव्यावर ठेवली. ‘हे पाह्य शेठजीचं नुसकान.’ एका पोत्याची कणी चिमूटभर असते. हंगामाची किती होते ते मी रात्री वहीत मांडून पाहिलं आणि झोप उडाली.

शेवटची गोष्ट वजनाची. तागाला ओल धरायची सवय. कलकत्त्याच्या दमट हवेत पोतं पाणी पिऊन जड होतं, आमच्या कोरड्या हवेत तेच पाणी सोडून देतं. पोत्याचा दर्जा ठरतो वजनावर, त्यामुळे तिथे काट्यावर पास झालेला माल इथे हलका भरू शकतो, आणि त्यात कोणी कोणाला फसवलेलं असेलच असं नाही. मुकादमाने सकाळी गोदाम उघडल्या उघडल्या एक पोतं काट्याला लावलं, दुपारभर उन्हात टाकलं आणि पुन्हा लावलं. काटा वर सरकलेला मी पाहिला. ‘थ्या तिथं सकायी नोको मोजू,’ तो म्हणाला, ‘ऊन निंगाल्यावर मोज. आन गठान उघडून पाह्य. वरची पोती पावन्यायची असतात, मंधातली घरची.’ मिलमधला स्प्रिंगचा छोटा काटा त्याने स्वतः फडक्यात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवला.

पुतणीच्या बॅगेतही काटा होता. आकड्याला बॅग अडकवून उचलायचा, आकडे उजळणारा. विमानात किती किलो चालतं ते ठरलेलं, म्हणून ती प्रत्येक वस्तू टाकून बॅग उचलून बघत होती. जवसाच्या चटणीचा डबा दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. शेवटी माझ्या भावजयीने तो ड्रेसच्या घडीत सरकवला आणि काट्याकडे पाठ करून उभी राहिली.

बाकी तिची तयारी म्हणजे सोफ्यावर मांडी घालून फोन. तिकीट आणि हॉटेल फर्मने पाठवून दिलेलं. अकोल्याला विमानतळ आहे पण रोजचं विमान नाही, म्हणून नागपूरपर्यंत गाडीने. हा रस्ता म्हणजे जुना सहा नंबरचा हायवे, जो अकोल्यावरून थेट कलकत्त्यालाच जातो. आता इकडच्या भागात त्याचा नंबर 53. याच रस्त्यावर अमरावती ते अकोल्याच्या टप्प्यात 2022च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या आत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नोंद झाली. नागपूरहून विमान दोन तासांच्या आत कोलकात्याला टेकतं. माझे तेवढे तास गोंदियापर्यंतही पुरले नसते.

निघायच्या आधीच ती फोनवर हॉटेलच्या दारात उभी राहिली आणि रस्त्याने चालत गेली. ‘मोठेबाबा, समोर एटीएम आहे, बाजूला औषधाचं दुकान, कोपऱ्यावर डोसावाला.’ मी जायच्या आधी कलकत्त्याचं काय पाहिलं होतं? हावडा ब्रिजचं चित्र, तेही कॅलेंडरवर. आपणही काही सांगावं म्हणून मी मेट्रोचा विषय काढला. देशातली पहिली भुयारी रेल्वे तिथे 1984च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, एस्प्लनेड ते भवानीपूर, साडेतीन किलोमीटरही नव्हती. सौदा झाल्यावर मी मुद्दाम तिच्यात बसून आलो होतो. हे अकोल्यात सांगितल्यावर महिनाभर मान मिळाला होता. पुतणीने फोनवर नकाशा काढून दाखवला: आता मेट्रो हावड्याहून हुगळीच्या खालून जाते, आणि 2025च्या ऑगस्टपासून पार सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हपर्यंत. माझ्या वेळी हावडा ब्रिजवरून ट्राम चालायची, ती 1993 साली बंद झाली, हेही मला तिच्याकडूनच कळलं. जाऊन आलेला मी, आणि माहिती तिच्याकडे.

तिचं एकटीने निघणं मला या सगळ्यापेक्षा मोठं वाटतं. आमच्या मिलमध्ये तेव्हा चुरी पाखडायला बायका होत्या, हिशेबाच्या खोलीत एकही नव्हती. असती तरी तिला सौद्याला कलकत्त्याला पाठवायचं कोणाच्या डोक्यात आलं नसतं, माझ्यासुद्धा नाही. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना हे आम्ही सोयीने विसरतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

काळजीचं मात्र काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी निघालो तेव्हा आई म्हणाली होती, ‘कोणाच्या हातचं काही खाजो नको, अन् पोचल्याबरोबर तार करजो.’ तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून दोनच शब्द पाठवले. तार घरी पोहोचेपर्यंत आईला वाट बघण्यावाचून इलाज नव्हता, आणि इलाज नसल्यामुळे ती तिची कामं करत राहिली. तारसेवा 2013च्या जुलैत बंद झाली. आता भावजयीच्या फोनवर मुलगी कुठे आहे त्याचा निळा ठिपका दिसतो. ठिपका एका जागी दहा मिनिटं थांबला की फोन. ‘काही नाही गं आई, सिग्नल आहे.’ त्या दिवशी स्वयंपाक मी केला.

होल्डॉल, पुठ्ठ्याचं तिकीट, अर्जंट ट्रंक कॉलसाठी तासन् तास बसणं, यातलं काहीही परत आलं तर मी पहिला पळून जाईन. मला चुकल्यासारखं वाटलं ते निराळ्याच कारणाने. मी निघालो तेव्हा गल्लीला ठाऊक होतं. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी औषधांची यादी दिली, कारण ती कलकत्त्यात स्वस्त आणि खात्रीची. आत्याने गंगाजलासाठी तांब्याचा गडू दिला; हुगळी म्हणजे गंगाच की. कोणाला शांतिनिकेतनची पिशवी हवी, कोणाला शंखाच्या बांगड्या. त्या कामांत माझा जीव मेटाकुटीला आला होता हे खरं, काचेच्या बाटल्या सांभाळत दोन रात्री नीट झोपलो नाही. पण माझ्या जाण्यात पंधरा घरांचं काहीतरी अडकलेलं होतं. पुतणीला कोणीच काही आणायला सांगितलं नाही. संदेश मिठाई हवी तर घरपोच येते, औषधं घरपोच येतात. शेजारच्यांना ती परत आल्यावर कळलं, की ती गेली होती.

मी तिला पोत्याबद्दल सांगितलं नव्हतं. एकतर ती पोती विकत घ्यायला जात नव्हती, आणि दुसरं म्हणजे ओलीची गोष्ट काढल्यावर ती एवढंच म्हणाली होती, ‘त्यांच्याकडे मॉइश्चर मीटर असतो, मोठेबाबा.’ असणारच. मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीच्या गोदामातून तिचा मेसेज आला. फोटोत छतापर्यंत रचलेल्या गठाणी, समोर हातात फाईल घेतलेला एक माणूस. खाली लिहिलेलं: ‘हे म्हणतात की बाहेरून मोजा, उघडायची पद्धत नाही. सोबतचे सर उद्या येणार आहेत. काय करू?’

मी चष्मा शोधला आणि मोठं उत्तर लिहिलं. समोरच्या रांगेतली घेऊ नकोस. मागच्या रांगेतली, खालून दुसऱ्या-तिसऱ्या थरातली गठाण तू स्वतः बोट दाखवून काढायला सांग. तिचा नंबर आधी लिहून घे. उघडल्यावर मधली पोती काढ, वरची नाही. वजन कर, मीटर लाव, आणि वजन कोणत्या वेळी केलं तेही लिही. गठाण काढायला चार माणसं लागतात, ती कुरकुर करतील, चहाची वेळ झाली म्हणतील. त्यांना चहा पिऊन येऊ दे, तू तिथून हलू नकोस.