लुगडे नेसलेली मेरी

शिवाजीनगरातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमावरून मी वीस वर्षे कॉलेजात जातो-येतो. तिथे कोण राहून गेले, हे मात्र मला कळले गोव्यात, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये! समोर चित्र होते मेरीचे. पण लुगडे नेसलेली, आपल्या आळीतल्या एखाद्या वहिनीसारखी.

चित्रकार आंजेलो द फॉन्सेका. जन्म १९०२ चा, गोव्यातला. शिक्षण शांतिनिकेतनात, अवनींद्रनाथ व नंदलाल यांच्यापाशी. गोव्यास परतून त्यांनी हिंदी वळणाची मेरी रंगवली आणि तिथली धर्मनिष्ठ मंडळी खवळली. मग ते पुण्यास आले, आश्रमात राहून रंगवीत राहिले. लग्नानंतर पत्नी आयव्ही यांचाच चेहरा मेरीला येऊ लागला. १९६७ साली ते पुण्यातच वारले.

फादर स्टीफन्सचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ मी दरवर्षी शिकवतो. एका इंग्रज पाद्र्याने ख्रिस्तकथा ओवीत बसवली, म्हणून वर्गात केवढा रंगून बोलतो! फॉन्सेकांनी तेच कुंचल्याने केले, तेही माझ्या वाटेवर. आमच्या वाङ्मयवाल्यांना छापलेलेच तेवढे दिसते.

परवा कॉलेजला उशीर होत होता. तरी फाटकाशी थांबलो, आणि आत शिरलो.