इलिश की चिंगडी?

बदली आणि तात्पुरती बदली यांत फार मोठा फरक आहे. कायमच्या बदलीवर जाणारा माणूस संसार बरोबर नेतो, दूधवाला ठरवतो, मुलांची शाळा पाहतो आणि वर्षभरात शेजाऱ्याशी भांडण्याइतका त्या गावचा होऊन जातो. तात्पुरत्या बदलीवरच्या माणसाची बॅग मात्र कधीच पुरती रिकामी होत नाही. सहा महिन्यांसाठी कशाला विकत घ्यायची, असे म्हणत तो सहा महिने घरमालकाच्या बादलीने आंघोळ करतो. अशा माणसासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : तटस्थ. म्हणजे काठावर उभा असलेला. पाणी पाहायचे, पण पाय भिजवायचे नाहीत.

कचेरीने मला कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी कोलकात्याला पाठवले, तेव्हा दोन्ही गावांची नावे ‘को’पासून सुरू होतात एवढाच काय तो दिलासा होता. जून महिना होता. दक्षिण कोलकात्यात एका वयस्क बाईंच्या घरी वरची खोली मिळाली, रात्रीच्या जेवणासकट. सगळे त्यांना माशीमा म्हणत, मीही म्हणू लागलो. माशीमा म्हणजे मावशी.

पहिला प्रश्न दुपारच्या पोटाचा. तो कॉलेज स्ट्रीटच्या बाजूच्या पाइस हॉटेलांनी सोडवला. एकेकाळी इथे पैशांत जेवण मिळे, म्हणून हे नाव. आता पैसा गेला, पण नाव राहिले. फळ्यावर खडूने त्या दिवशीचे मासे लिहिलेले, पुढ्यात केळीचे पान, आणि वाढणारा पोरगा प्रत्येक वाटीचा हिशेब तोंडी ठेवतो. त्या हिशेबात केळीचे पानही धरलेले असते. आपल्या पंगतीत सगळ्यांचे डोळे जिलबीकडे. इथे जेवण सुरू होते ते कडूपासून. आधी शुक्तो, म्हणजे कारले घातलेली मिळमिळीत दिसणारी भाजी. मग डाळ, मग तळण, मग मासा, मग गोड चटणी आणि शेवटी मातीच्या भांड्यातले गोड दही. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला डाळीतली साखर पहिले आठ दिवस अपमानासारखी वाटते. नवव्या दिवशी मी डाळ परत मागितली.

पण खरी परीक्षा इलिश माशाची. मोहरी वाटून लावलेला इलिश पानात आला की वर्तमानपत्र बाजूला ठेवावे लागते, बोलणे थांबवावे लागते. केसासारखे बारीक काटे, आणि तेही शेकड्यांनी. हा मासा तटस्थपणे खाताच येत नाही. लक्ष दुसरीकडे गेले की घशात काटा!

दुसरा प्रश्न संध्याकाळचा. तो दिवाळी अंकात मांडावा की नाही, याबद्दल घरात दोन मते आहेत. पार्क स्ट्रीटवर दिव्यांची, गाण्यांची उपाहारगृहे आहेत. आपल्या मुंबईत वाढलेल्या उषा उथुप १९६९च्या सुमारास तिथल्याच ‘ट्रिंकाज’मध्ये गाऊ लागल्या. पण एकट्या माणसाला तिथे जास्तच एकटे वाटते. मला सापडला तो धर्मतल्याजवळच्या एका गल्लीतला जुनाट बार. उंच छत, संथ पंखे, संगमरवरी टेबले आणि एका टेबलाशी एकमेकांना न ओळखणारे चौघे. रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसायचे. मी एका बिअरवर तासभर काढी, आणि आल्याचे तुकडे घातलेले चणे खाई.

त्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ नेमाने येत. वय ऐंशीच्या पुढे, चष्मा जाड. मी महाराष्ट्राचा म्हटल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला. “म्हणजे बर्गी!”

नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी १७४१ पासून दहा वर्षे बंगालला सळो की पळो केले होते. आपला ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि आजही बंगाली आया त्याचे नाव घेऊन पोरांना निजवतात. त्या भीतीने कोलकातेकरांनी १७४२ मध्ये शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत, आणि खंदकही अर्धाच राहिला. “तुमच्यासाठी एवढा खंदक खणला, आणि तुम्ही आता आलात!” म्हातारबुवा म्हणाले. त्या दिवसापासून मी बर्गीबाबू झालो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो या गावात जातीच्या आधी विचारतात. “इलिश की चिंगडी?”

हा प्रश्न माशांचा नसतो. चिंगडी म्हणजे कोळंबी, ती मोहन बागानची. इलिश ईस्ट बेंगॉलचा. जो संघ जिंकेल त्याच्या माशाचा भाव संध्याकाळी बाजारात चढतो. मी सांगितले, “अजून ठरवलेलं नाही.” ते म्हणाले, “मग आधी नीट जेवा.”

मला फुटबॉल नवा नव्हता. कोल्हापुरात संघ तालमींच्या नावाने खेळतात, आणि पाटाकडीलचा सामना शिवाजी तरुण मंडळाशी असला की शाहू स्टेडियमकडचे रस्ते भरून जातात. त्यात मी कोणाचा, ते इथे लिहीत नाही. मला त्याच पेठेत राहायचे आहे. पण पेठ ही पायाखाली असते. कोलकात्यातले वेड त्याहून खोल निघाले.

माशीमा चिंगडीवाल्या. त्यांच्या घरात १९११ साल कालच झाल्यासारखे बोलले जाई. त्या वर्षी २९ जुलैला मोहन बागानने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. गोऱ्या पलटणीला अनवाणी पायांनी हरवता येते, हे देशाला त्या दिवशी दिसले.

म्हातारबुवांची गोष्ट निराळी. ते मूळचे बारिसालचे. १९५०च्या दंगलीत सहा वर्षांचे असताना वडिलांचे बोट धरून आले. घर गेले, नारळीची बाग गेली, नदी गेली. “पुढं तर गावाच्या मुलखाचं नावसुद्धा गेलं,” ते म्हणाले. “पूर्व बंगालचं पूर्व पाकिस्तान झालं, १९७१ मध्ये बांगलादेश झाला. आता ‘ईस्ट बेंगॉल’ नकाशात कुठंच नाही. फक्त लाल-पिवळ्या सदऱ्यावर आहे.” १९२०चा हा क्लब निर्वासितांच्या वस्तीत सामना जिंके, तेव्हा आई त्या दिवशी उधारीवर इलिश आणी. १३ जुलै १९९७च्या सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखावर माणसे होती, आणि भुतियाने तीन गोल मारले, हे सांगताना त्यांचा हात थरथरला. आणि १६ ऑगस्ट १९८० सांगताना आवाज खाली गेला. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन सोळाजण गेले होते. “पोरं खेळ बघायला गेली होती,” एवढेच बोलून ते गप्प बसले.

ऑगस्टअखेर ते मला मैदानावरच्या त्यांच्या क्लबात एका लीग सामन्याला घेऊन गेले. पाऊस, चिखल, छत्र्या. बसल्यावर ते हळूच म्हणाले, “बर्गीबाबू, मला आता बॉल दिसत नाही. तुम्ही सांगा.”

मोडक्या हिंदीत मी त्यांच्या कानाशी लागलो. बॉल डावीकडे आहे. चिखलात अडकला. सुटला. आला, आला... बाहेर! आपला कॉर्नर!

त्यांनी माझा हात दाबला. “आपला म्हणालात?”

कॉर्नरचे पुढे काही झाले नाही. पण ‘आपला’ हा शब्द तोंडातून गेला होता, आणि तो परत घ्यावा असे मला वाटले नाही. एका माणसाचा हरवलेला मुलूख मी चिखलात शोधून देत होतो. असे काम काठावर उभे राहून होत नाही.

बातमी माशीमांपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या रात्री ताटात चिंगडी नव्हती, वांगे होते. मी चौकशी केली, तर त्या कडाडल्या, “इलिशवाल्यांकडं जा जेवायला!” आम्ही चांगले अर्धा तास भांडलो. शेवटी त्यांनीच मिष्टी दोई पुढे सरकवले. त्या रात्री मी बॅग पुरती रिकामी करून माळ्यावर टाकली, आणि सकाळी स्वतःची बादली विकत आणली.

ती बादली माशीमांकडे राहिली. मी नोव्हेंबरात परत आलो. अधूनमधून रात्री फोन वाजतो आणि पलीकडून दोनच शब्द येतात, “बर्गीबाबू, जिंकलो!” आमच्या मंडईत इलिश मिळत नाही. सौभाग्यवती बांगडा तळते. मोहरीच्या तेलात तळायला मात्र ती अजून राजी नाही.