मार्शल त्युरेन : विजय आणि विवेक

सेनापतींची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांच्या विजयांची मोजदाद करतो. सतराव्या शतकातील फ्रेंच सेनानी त्युरेन यांच्या जीवनात मात्र आम्हांस दोन घटना लढायांहून अधिक अंतर्मुख करतात. एक, त्यांनी केलेला कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार. आणि दुसरी, त्यानंतर सहा वर्षांनी जळालेली गावे.

आँरी द ला तूर दोव्हेर्न्य, त्युरेनचे व्हायकाउंट, यांचा जन्म १६११ साली सेदाँ येथे एका प्रोटेस्टंट उमराव घराण्यात झाला. त्यांची आई एलिझाबेथ ही डच स्वातंत्र्यलढ्याचे नेते विल्यम ऑफ ऑरेंज यांची कन्या. युद्धविद्येचे धडे त्यांनी हॉलंडमध्ये मामांच्या हाताखाली गिरवले. १६४३ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते फ्रान्सचे मार्शल झाले. पुढे उमरावांच्या बंडात ते काही काळ राजसत्तेविरुद्ध लढले व १६५० साली रेतेल येथे पराभूत झाले. परंतु नंतर राजपक्षाला मिळून त्यांनी १६५२ साली बाल चौदाव्या लुईचे सिंहासन सावरले.

१६६० साली राजाने त्यांना मार्शल-जनरल केले. ते कॅथलिक झाले असते, तर सेनेतील सर्वोच्च असे कॉन्स्टेबलचे रद्द झालेले पद त्यांच्यासाठी पुन्हा निर्माण झाले असते, असे सांगतात. ते बधले नाहीत. त्यांची पत्नी शार्लोत निष्ठावंत प्रोटेस्टंट होती. १६६६ साली ती निवर्तली. बॉस्युए या विद्वान धर्मगुरूंनी कॅथलिक सिद्धान्तांचे केलेले विवेचन त्युरेन यांनी अभ्यासले आणि ऑक्टोबर १६६८ मध्ये ते कॅथलिक झाले. कॉन्स्टेबलपद त्यांना नंतरही मिळाले नाही. श्रद्धेचा त्यांनी सौदा केला नाही, हे आम्हांस वंदनीय वाटते.

परंतु चरित्र येथे संपत नाही. १६७४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या सैन्याने ऱ्हाईनकाठचा पॅलॅटिनेट प्रांत उजाड केला. शत्रुसैन्याला तेथे दाणागोटा मिळू नये, हा हेतू. त्या प्रांताचा अधिपती कार्ल लुडविग हा त्युरेन यांच्या मावसभावाचा मुलगा. प्रजेची घरे जळताना पाहून संतापलेल्या या पुतण्याने काकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान पाठवले. त्युरेन यांनी ते सौजन्याने नाकारले. पत्रव्यवहारात शिष्टाचार होता. बेघर शेतकऱ्यांना मात्र त्याचा काय उपयोग?

२७ जुलै १६७५ रोजी सास्बाख येथे शत्रूची पाहणी करताना तोफगोळ्याने त्यांचा अंत झाला. राजाने त्यांना सँ-दनी येथे राजेलोकांच्या शेजारी विसावा दिला. १८०० साली नेपोलियनने त्यांचे अवशेष पॅरिसच्या अँव्हालीदमध्ये हलवले.

एखादा थोर पुरुष आपल्या ख्रिस्तसभेत आला की आपल्याला अभिमान वाटतो. तो वाटावाच. पण त्युरेन यांना आम्ही आपले म्हणतो, तेव्हा पॅलॅटिनेटची राखही आमच्या पदरी येते. ती झटकून केवळ कीर्ती ठेवून घेता येत नाही. बाप्तिस्मा झालेल्या आम्हां सर्वांनाही हेच लागू आहे. वेदीसमोर उच्चारलेला श्रद्धेचा अंगीकार शेजाऱ्याच्या उंबरठ्याशी रोज नव्याने करावा लागतो. मृतांसाठी प्रार्थना करताना या सेनानीचे स्मरण अवश्य करावे. आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या शेतकऱ्यांचेही.