चिडकं आतडं

इरिटेबल बॉवेल सिंड्रोमला मराठीत काय म्हणावं? ‘चिडकं आतडं’ लिहिलं आणि खोडलं. आतडं माझंच होतं. अनुवाद द्यायच्या आदल्या रात्री हमखास मुरडा, पहाटेपर्यंत तीन-चार फेऱ्या. तपासण्या नॉर्मल, म्हणजे घरच्यांच्या लेखी मनाचे खेळ. डॉक्टरांनी झोपताना ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन लिहून दिलं, तेव्हा वाटलं, झालं, यांचंही तेच मत! मग वाचलं की हे द्रव्य आतड्यातही तयार होतं, तेही मेंदूतल्या ग्रंथीपेक्षा कितीतरी जास्त. सिंगापुरात झोपेची तक्रार असलेल्या ४० रुग्णांवर चाचणी झाली होती. २००५ साली छापून आली. दोन आठवड्यांत पोटदुखी कमी झाली, झोप मात्र होती तशीच. माझंही तेच. रात्री दोनला जागीच असते, पण टेबलापाशी.