गाडीला ताप आला!

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. शहापूरहून नाशिककडे निघालं की कसारा घाट, मुरबाडहून अहिल्यानगरकडे निघालं की माळशेज घाट! उन्हाळ्यात या वाटांवर बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच.

दोस्तांनो, एका एप्रिलमध्ये मी शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला पिकअपने चाललो होतो. मागे सकाळी तोडलेली भेंडी. किन्हवलीपुढच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. ड्रायव्हरकाकांनी गाडी आंब्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. भेंडी उन्हात कोमेजली तर शेतकऱ्याला भाव कोण देणार?

सोबत काकांचा नववीतला भाचा होता. त्याने लगेच रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नको रे!" काका ओरडले.

का बरं? हे झाकण म्हणजे कुकरचंच झाकण. आत दाब असतो, म्हणून तिथलं पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं!

"मग पाड्यावरून पाणी आणतो," भाचा कॅन घेऊन निघाला.

"थांब. पाणी कमी झालंय का, ते आधी बघू. इथल्या बायका लांबून डोक्यावर पाणी आणतात."

खरंच होतं. मुंबईला पाणी देणारी तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, तरी उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते.

अर्धा तास गेला. मग तपासणी सुरू झाली. जोडटाकीत पाणी खुणेपर्यंत होतं. नळ्या कोरड्या, खाली ओल नाही, म्हणजे गळती नाही. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, तोही घट्ट. पाणी आहे, पंखा आहे, मग उरलं काय? वारा!

इंजिनातली उष्णता पाणी उचलतं आणि रेडिएटरमध्ये आणतं. तिथल्या बारीक पत्र्यांमधून वारा गेला, तरच ते थंड होतं. काकांनी पुढून वाकून पाहिलं. पत्र्यांमध्ये पेंढ्याची कुसं गच्च बसली होती! आठवडाभर गाडीने पेंढाच वाहिला होता.

काकांनी रंगाचा जुना ब्रश काढला आणि पत्रे वाकणार नाहीत अशा बेताने, हलक्या हाताने कुसं झाडली. गाडी सुरू झाली. काटा मध्यावर येऊन थांबला तो मुरबाडपर्यंत हलला नाही. भेंडी वेळेत उतरली आणि पाड्यावरचं एक थेंबही पाणी लागलं नाही.

पुढच्या वेळी गाडीत पुढे बसलात, तर वेगाच्या काट्याशेजारचा तो छोटा काटाही बघा हं!